जॉन आणि जान
आमच्या धुळ्याच्या इतिहासात एक इंग्रजी नाव येते : कॅप्टन जॉन ब्रिग्ज. 1818 मध्ये खानदेश इंग्रजांकडे गेला, तेव्हा त्याने धुळे हे कारभाराचे मुख्य ठिकाण केले. हा भाग वाचताना एका मुलाने 'जान ब्रिग्ज' असे वाचले. मुले खो-खो हसली. मला हसू आले नाही. उर्दूत हे दोन्ही शब्द जीम, अलिफ, नून असेच लिहितात; मराठीची अर्धचंद्राची खूण तिथे नाही. त्यामुळे डोळ्यांना जॉनचे यमक मकान-दुकानाशी जुळते, कानांना मात्र लॉनशी.

मग अर्थ निघाला. मूळ हिब्रू नावाचा अर्थ 'ईश्वर कृपाळू आहे'. मराठी बायबलमध्ये तो योहान होतो. ख्रिस्ती लोक ज्यांना बाप्तिस्मा करणारा योहान म्हणतात, तेच आपले हजरत यह्या अलैहिस्सलाम.

मागच्या बाकावर एक यह्या बसत असे. नावाला यमकच सापडत नाही म्हणून मुले त्याला चिडवत. तो उठून म्हणाला, "सर, म्हणजे ब्रिग्जसाहेब माझे नामबंधू?"

मुले पुन्हा हसली, पण या वेळी त्याच्याबरोबर.

ब्रिग्जला फारसी चांगली येत होती. फरिश्ताने लिहिलेला फारसी इतिहास त्याने इंग्रजीत आणला, तो 1829 मध्ये छापला गेला. फारसीत जान म्हणजे प्राण, हे त्याला नक्कीच ठाऊक असणार.