हात लावू द्या ना! – आमच्या शाळेतली पाच इंद्रियांची बाग



शाळेतली बाग म्हटलं की डोळ्यांसमोर काय येतं? चुना मारलेल्या तिरक्या विटांची रांग, आत जास्वंद, क्रोटन आणि 'फुले तोडू नयेत' अशी पाटी. म्हणजे बाग लांबून बघायची. पण पहिली-दुसरीचं मूल जितकं डोळ्यांनी शिकतं, तितकंच हाताने, नाकाने आणि कानाने शिकतं. मग हात लावायला परवानगी असलेली बाग का करू नये?

आमची शाळा माणदेशातली. जिल्हा परिषदेची, द्विशिक्षकी, पहिली ते चौथी. पाऊस बेताचा, जमीन मुरमाड. अशा जागेत गेल्या दोन वर्षांत आम्ही ही बाग उभी केली. कल्पना काही नवी नाही बरं का. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डीला बालशिक्षणाचं काम सुरू केलं, तेव्हा पानं, खडे, शिंपले हीच त्यांची शैक्षणिक साधनं होती. डी.एड.ला हे आपण सगळ्यांनीच वाचलंय, परीक्षेत लिहिलंय. करून बघायचं तेवढं राहिलं होतं.

बागेत काय काय आहे?

स्पर्श : पानओवा (जाड, लव असलेलं पान), पानफुटी, कापसाचं बोंड, बाजरीचं कणीस आणि वाळलेल्या घोसाळ्याची जाळी.
वास : तुळस, पुदिना, गवती चहा, कढीपत्ता, मोगरा.
आवाज : भिंतीकडेला ज्वारीची एक ओळ. ती वाळली की वाऱ्याने अशी सळसळते की मुलं वाचता वाचता थांबतात! शिवाय गुलमोहराच्या वाळक्या शेंगा दोरीला टांगल्या आहेत.
चव : आंबुशी, अंबाडी, पुदिना. इथे नियम कडक. मॅडमना विचारल्याशिवाय एकही पान तोंडात घालायचं नाही. धोतरा, कण्हेर, एरंड, गुंज ही विषारी झाडं आवारातच नकोत.
रंग : झेंडू आणि सदाफुली. (सदाफुली फक्त बघायची, खायची नाही, हेही मुलांना पाठ आहे.)

आणि सगळ्यात महत्त्वाची पायवाट. फाटकापासून वर्गाच्या दारापर्यंत चार फूट रुंद. आधी वाळू, मग ओढ्यातले गुळगुळीत गोटे मातीत दाबून बसवलेले, मग विटा आणि शेवटी शेणाने सारवलेली जमीन. मुलं अनवाणी चालतात. विकत आणलं ते फक्त मोगऱ्याचं कलम, बाकी सगळं गावातलंच.

अभ्यासाचं काय?

हा प्रश्न तुम्हालाही विचारला जाणार, म्हणून आधीच सांगते. पहिल्या आठवड्यात कोणतंही पान हुंगायला दिलं की उत्तर एकच, 'चांगला वास'. महिन्याभरात उग्र, गोडसर, तिखट, आंबूस असे शब्द आले. खरखरीत, लुसलुशीत, बोचरं, चिकट हे शब्द फळ्यावर लिहून दिले असते तर मुलांनी पाठ केले असते आणि विसरलेही असते. गणितात वाट पावलांनी मोजली, पाकळ्यांचे गट केले. परिसर अभ्यासाला तर बागच पुस्तक.

आता मूळ गोष्ट सांगते. माझ्या दुसरीच्या वर्गात एक अल्पदृष्टी असलेली मुलगी आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ मध्ये दिव्यांगत्वाचे जे २१ प्रकार दिलेत, त्यातला हा एक. तिला मोठ्या अक्षरांचं पुस्तक मिळालंय, पण फळा दिसत नाही, म्हणून ती गप्पच बसायची. बागेत आम्ही 'पान ओळखा' खेळ घेतला, सगळ्यांनी डोळे मिटून. तिने एकामागून एक सगळी पानं ओळखली. एका मुलाने विचारलं, "तुला कसं गं कळतं?" ती म्हणाली, "लगेच चुरगाळायचं नाय. आधी कडेनं बोट फिरवायचं, मग हुंगायचं." त्या दिवशी पाच-सहा मुलं तिच्याभोवती बसून शिकत होती आणि मी बाजूला उभी होते.

यंदा पूर्ण आवारात पेव्हर ब्लॉक बसवायचा प्रस्ताव आला. चिखल होणार नाही, शाळा चकाचक दिसेल, असं पालकांचं म्हणणं. त्यातही तथ्य आहेच. शाळा व्यवस्थापन समितीच्या सभेत मी नियम, अध्ययन निष्पत्ती असं बरंच काही बोलले. सभा गप्प. मग त्या मुलीची आजी उठली. "मॅडम, माझी नात फाटकातून वर्गापतुर एकलीच जाती. पायाला वाळू लागली की फाटक, गोटं लागलं की पाण्याची टाकी, शेणाची भुई लागली की वर्ग. समदं सारखंच केलं तर तिचा हात कोण धरणार?"

पायवाट करताना माझ्या मनात फक्त स्पर्शाचा अनुभव होता. त्या पोरीने तिचा नकाशा केला होता. सभेत ठरलं, परिपाठाच्या जागेवर ब्लॉक बसतील, वाट आणि बाग तशीच राहील.

तुम्हाला करायचं असेल तर थोडक्यात सांगते.

१. आधी पाण्याची सोय बघा. पोषण आहारानंतर मुलं हात धुतात ते पाणी आम्ही चर काढून बागेत सोडलंय.
२. मे महिन्याच्या सुट्टीसाठी मडकी पुरा. तळाला छिद्र, त्यात कापडाची वात. मडकं भरलं की पाणी हळूहळू झिरपतं. भरायचं काम शेजारच्या दोन घरांनी वाटून घेतलंय.
३. काही वाफे विटांनी कमरेइतके उंच करा, म्हणजे वाकता न येणाऱ्या किंवा चाकाच्या खुर्चीत बसणाऱ्या मुलाचाही हात पोचतो.
४. गवती चह्याची पात कापते, तो वाटेपासून जरा आत लावा.

जागा नसेल तर चार कुंड्या पुरेत : तुळस, पुदिना, पानओवा, पानफुटी. वर्गाच्या दारात ठेवा. पाटी मात्र लावायचीच असेल तर अशी लावा, 'कृपया हात लावा'.

करून बघा आणि तुमच्या मुलांनी कोणते नवे शब्द शोधले ते मला नक्की कळवा.