थकवा आणि रूळ

धातूच्या ‘फटीग’साठी मराठीत ‘थकवा’ लिहिण्याचा प्रघात आहे. भाषांतरकार म्हणून मला तो शब्द अपुरा वाटतो. माणसाचा थकवा झोपेने उतरतो. पोलादाचा उतरत नाही.

एकोणिसाव्या शतकात ऑगस्ट व्योलर या जर्मन अभियंत्याने रेल्वेच्या आसांवर प्रयोग केले. जो भार आस एरवी सहज पेलतो, तोच लाखो वेळा पडला की आस मोडतो, हे त्याने दाखवलं. रुळाचंही तसंच. प्रत्येक चाक एक फेरा वाढवतं. आतल्या बारीक दोषापासून चीर निघते, केसाकेसाने सरकते. तुटलेल्या तोंडावर ओहोटीच्या वाळूसारख्या रेषा दिसतात. उरलेला भाग खडबडीत, एका क्षणात तुटलेला. उष्णतेत तर फेरेही लागत नाहीत. भार तोच राहतो आणि धातू हळूहळू लांबत जातो.

भिलाईत पहिली झोतभट्टी १९५९ साली पेटली. इथले रूळ देशभर गेले. बाबा त्याच कारखान्यातून निवृत्त झाले. आता स्मृति नगरच्या घरात आई त्यांना दिवसातून कितीदा तरी उठवते, बसवते. विचारलं की म्हणते, “छे, मी कुठे थकले?”

रुळाला कोणी असं विचारत नाही. ध्वनिलहरी सोडून आतली चीर शोधतात, वेळेत रूळ बदलतात. आई बदलता येत नाही. भार कमी करता येतो. मी तिचे फेरे मोजले. त्यातले निम्मे आता माझे आहेत.