अंदमानात उतरायचे कोठे?

दिवाळी सरून हवेत गारवा आला की दवाखान्यात येणाऱ्या ज्येष्ठ मंडळींच्या तोंडी सहलींचे विषय सुरू होतात. रक्तदाबाचा पट्टा दंडाला बांधलेला असतानाच आजोबा विचारतात, "डॉक्टर, मुलं अंदमानला न्यायचं म्हणताहेत. जाऊ ना?" बहुतेकांना मी "अवश्य जा" असेच सांगते. मात्र लगेच उलट विचारते, "मुक्काम कोठे आहे?" यावर सोबत आलेली सूनबाई किंवा लेक फोनवरचे छायाचित्र पुढे करते: निळे पाणी, नारळीची झाडे आणि वाळूत उभी असलेली लाकडी झोपडी. झोपडीला पाच पायऱ्या आहेत आणि त्यांना कठडा नाही, हे त्या छायाचित्रात दिसत असते; पण तिकडे कोणाचे लक्ष गेलेले नसते.

अंदमानला आपण एक गाव समजतो. प्रत्यक्षात ती बेटांची लांबलचक माळ आहे आणि प्रवाशांचा मुक्काम साधारणपणे तीन ठिकाणी पडतो. पहिले पोर्ट ब्लेअर. २०२४ मध्ये त्याचे नाव श्रीविजयपुरम झाले. दुसरे हॅवलॉक, म्हणजे आताचे स्वराज द्वीप. तिसरे नील, म्हणजे शहीद द्वीप. या दोन बेटांची नावे २०१८ च्या अखेरीस बदलली, तरी बोलण्यात अजून जुनीच नावे येतात, म्हणून येथेही तीच वापरते. पोर्ट ब्लेअरहून हॅवलॉकला खासगी वेगवान बोटीने दीड-दोन तास लागतात, सरकारी बोटीने त्याहून अधिक. तरुणांच्या दृष्टीने हे अंतर किरकोळ आहे. वयाची सत्तरी ओलांडलेल्या आणि हृदयविकाराची गोळी खिशात बाळगणाऱ्या माणसासाठी मात्र सारा हिशेब याच अंतराभोवती फिरतो.

कल्पना करा, रात्रीचे नऊ वाजले आहेत. हॅवलॉकच्या झोपडीत वडिलांच्या छातीत दुखू लागले. बेटावर प्राथमिक आरोग्य केंद्र आहे. तेथे तपासणी आणि प्रथमोपचार मिळतील. परंतु मोठे रुग्णालय पोर्ट ब्लेअरला आहे आणि प्रवासी बोटी दिवसाउजेडीच्या. तातडीच्या रुग्णाला हलवण्यासाठी हेलिकॉप्टरचा उपयोग होतो खरा, पण तो हवामानावर आणि उजेडावर अवलंबून. हृदयविकाराचा झटका किंवा पक्षाघात यांत पहिले काही तास किती मोलाचे असतात, हे या पाक्षिकाच्या वाचकांना नव्याने सांगायला नको. म्हणून गेल्या काही महिन्यांत अँजिओप्लास्टी झालेले, चालताना छाती भरून येणारे, घरी प्राणवायूचे यंत्र वापरणारे किंवा डायलिसिसवर असणारे यांनी आपल्या तज्ज्ञाला विचारल्याशिवाय बेटावर रात्र काढू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. अशांपैकी ज्यांना प्रवासाची परवानगी मिळेल, त्यांनी सगळा मुक्काम पोर्ट ब्लेअरलाच करावा.

यावर मुले हिरमुसतात. "मग अंदमानला जाऊन काय उपयोग?" असे म्हणतात. येथे मी त्यांना एकच सुचवते: आईवडिलांना विचारा, त्यांना तेथे काय पाहायचे आहे. माझ्याकडे येणाऱ्या ७८ वर्षांच्या एका निवृत्त शिक्षकांचा कार्यक्रम मुलांनी आखला होता. त्यात हॅवलॉकला तीन रात्री होत्या आणि पोर्ट ब्लेअरला जेमतेम अर्धा दिवस. गुरुजी काही बोलले नव्हते. मी विचारले तेव्हा म्हणाले, "समुद्र आपल्या रत्नागिरीलाही आहे. मला तात्यारावांची कोठडी बघायची आहे."

मराठी घरातला वडीलधारा माणूस अंदमानला जातो तो पुष्कळदा याच ओढीने. सेल्युलर जेलचे बांधकाम १८९६ मध्ये सुरू होऊन १९०६ मध्ये पुरे झाले. मधल्या मनोऱ्यापासून चाकाच्या आऱ्यांसारख्या सात इमारती निघत. त्यांतल्या तीन आज उभ्या आहेत. सावरकर येथे १९११ ते १९२१ या काळात होते आणि त्यांची कोठडी सर्वांत वरच्या मजल्यावर, इमारतीच्या अगदी टोकाला आहे. म्हणजे जिने चढायचे, मग लांब ओसरीवरून शेवटपर्यंत चालत जायचे. गुडघे दुखणाऱ्याला हे एका दमात जमत नाही आणि उन्हात तर मुळीच नाही. मुक्काम जवळ असेल तर सकाळी कोवळ्या वेळी जाता येते, प्रत्येक मजल्यावर पाच मिनिटे टेकता येते, दमल्यास परत येऊन दुसऱ्या दिवशी पुन्हा जाता येते. विमानातून उतरून थेट जेलवर, तेथून थेट जेटीवर, अशा धावपळीत गुरुजी खालच्या अंगणातूनच वर बघून परतले असते.

योग असा की गोविंद वल्लभ पंत रुग्णालय, म्हणजे या बेटांवरचे मोठे सरकारी रुग्णालय, या जेलला लागूनच आहे. तेव्हा जेथे ज्येष्ठांचे मन ओढ घेते तेथेच औषधोपचारही हाताशी आहेत. अबर्डीन बाजार आणि त्याच्या खालचा समुद्रालगतचा भाग मुक्कामाला मला सर्वांत सोयीचा वाटतो. औषधांची दुकाने जवळ, रिक्षा सहज मिळते, संध्याकाळी पाण्याच्या कडेने फिरता येते. एक सावधगिरी मात्र घ्यावी. हे शहर टेकड्यांवर वसलेले आहे. "जेलपासून पाच मिनिटे" अशी जाहिरात करणारे हॉटेल छातीवर येणाऱ्या चढावर असू शकते. खोली ठरवण्यापूर्वी फोन करून विचारावे: गाडी दारापर्यंत येते का, लिफ्ट आहे का, वीज गेली तर ती जनरेटरवर चालते का.

ज्यांची प्रकृती बरी आहे, साखर आणि रक्तदाब आटोक्यात आहेत, त्यांनी हॅवलॉक जरूर पाहावे. दोन रात्री राहावेही. गोविंदनगर, विजयनगर, श्यामनगर, कृष्णनगर, राधानगर अशी तेथल्या वस्त्यांची नावे. पूर्व बंगालमधून आलेल्या निर्वासितांनी ती वसवली आणि जेवणात भात व मासळी यांना आजही बंगाली चव असते. बहुतेक हॉटेले पूर्वेच्या किनाऱ्यावर, गोविंदनगर ते विजयनगर या पट्ट्यात आहेत. येथे जेटी आणि बाजार जवळ, म्हणून ज्येष्ठांना हाच भाग बरा. मात्र ओहोटीला पाणी दूर जाते आणि खडक व मेलेले प्रवाळ उघडे पडतात. मधुमेहाने पायांची संवेदना मंदावलेल्या माणसाने तेथे अनवाणी एक पाऊलही टाकू नये. प्रवाळाची जखम दिसायला खरचटल्यासारखी असते; परंतु तिच्यात कण अडकून राहतात आणि ती चिघळते. लागलेच तर स्वच्छ पाण्याने भरपूर धुऊन त्याच दिवशी आरोग्य केंद्रात दाखवावे. पश्चिमेचा राधानगरचा किनारा रुंद आणि मऊ वाळूचा आहे, पण जेटीपासून तो दहा-बारा किलोमीटर दूर. तो दुपारनंतर गाडीने जाऊन पाहावा. मुक्काम तेथे नको.

आता खोलीविषयी. हॉटेलच्या ताऱ्यांपेक्षा मी न्हाणीघराला अधिक महत्त्व देते. तळमजला, कमोड, त्याशेजारी धरायला दांडा, ओली झाली तरी न घसरणारी फरशी आणि दाराशी उंच उंबरा नसणे. इतके असेल तर बाकीचे साधे चालेल. म्हातारपणी खुब्याचे हाड मोडते ते डोंगर चढताना क्वचित, रात्री लघवीला उठताना पुष्कळदा. जेवणाची जागा खोलीपासून किती लांब आणि वाट वाळूची की फरशीची, हेही विचारावे. वाळूत काठी रुतते, वॉकर तर चालतच नाही. शिवाय अंदमान आपल्या बरेच पूर्वेला असून घड्याळ मात्र तेच आहे. डिसेंबरात तेथे संध्याकाळी पाचच्या सुमारास सूर्य मावळतो. साडेपाचला वाटेवर काळोख असतो. विजेरी प्रत्येकाच्या हाती हवी.

विस्मरणाचा आजार असलेल्या आईला किंवा वडिलांना घेऊन जाणाऱ्यांसाठी एक गोष्ट विशेष सांगते. पाच रात्रींत तीन-चार खोल्या बदलू नका. दर रात्री नवी भिंत, नवे दार, वेगळ्या बाजूला न्हाणीघर. अशाने माणूस रात्री गोंधळतो, उठून बसतो, घरी जायचे म्हणून हट्ट धरतो. मग आपणही जागे आणि दुसरा दिवस सगळ्यांचाच वाया. एकाच खोलीत सलग राहावे, घरची चादर आणि उशीचा अभ्रा न्यावा, रात्री मंद दिवा ठेवावा आणि न्हाणीघराचे दार उघडे ठेवावे.

नील बेट लहान, बरेचसे सपाट आणि शेतीचे आहे. भरतपूर, लक्ष्मणपूर, सीतापूर अशी तेथल्या किनाऱ्यांची रामायणी नावे. गर्दी कमी असल्याने कित्येक ज्येष्ठांना ते हॅवलॉकहून अधिक भावते. तेथला खडकाचा नैसर्गिक पूल मात्र शेवाळलेल्या दगडांवरून चालत जाऊन पाहावा लागतो; तो तरुणांनी पाहून यावा. बारतांगच्या चुनखडीच्या गुहांसाठी पहाटे फार लवकर निघून दिवसभर दगदग करावी लागते, तीही सोडून द्यावी.

बोटीत मधल्या भागातली, खालच्या मजल्यावरची जागा घ्यावी. तेथे हेलकावे कमी जाणवतात. रिकाम्या पोटी किंवा तुडुंब जेवून बसू नये. मळमळीच्या गोळ्या दुकानातून परस्पर घेऊ नयेत. त्यांतल्या काहींनी वृद्धांना गुंगी येते, प्रोस्टेट वाढलेल्यांची लघवी अडते आणि कंपवाताच्या रुग्णांचा त्रास वाढतो. इन्सुलिन हातातल्या पिशवीत ठेवावे, खोलीतल्या फ्रिजच्या दारात ठेवावे, बर्फाच्या कप्प्यात कधीही नाही. लघवी वाढवणारी गोळी चालू असेल, तर दमट हवेत घाम किती येईल याचा विचार करून तिची मात्रा निघण्यापूर्वीच डॉक्टरांना विचारून घ्यावी. औषधे ठरलेल्या दिवसांपेक्षा चार दिवसांची अधिक न्यावीत, कारण वादळी हवेत बोटी रद्द होतात.

त्याच कारणासाठी परतीच्या विमानाआधीची रात्र पोर्ट ब्लेअरलाच ठेवावी. बेटावरून सकाळच्या बोटीने येऊन दुपारचे विमान पकडण्याचा बेत आखू नये. त्या मोकळ्या संध्याकाळी जेलच्या अंगणात ध्वनिप्रकाशाचा कार्यक्रम पाहता येतो. तिकीट आधी काढावे, पायांना डास पळवणारे मलम लावावे, पाठीला आधार म्हणून एक लहान उशी न्यावी आणि कार्यक्रम संपल्यावर गर्दी बाहेर पडेपर्यंत आजी-आजोबांना जागेवरच बसू द्यावे.