डोक्यावरच्या आवाजाची दाद कुठे मागायची?

पुरंदरच्या विमानतळाची चर्चा होते ती वनपुरी, कुंभारवळण, पारगाव अशा सात गावांची, कारण जमीन त्यांची जाणार. भुलेश्वरचा डोंगर उतरलं की आमचा दौंड तालुका. आमची जमीन जाणार नाही. पण विमानं घरांवरून जाऊ लागली तर? पोल्ट्री असलेल्या भावकीने हा प्रश्न माझ्याकडे सोपवला आणि कायद्याचा गंध नसलेला मी दौंडच्या कोर्टात एका वकीलसाहेबांच्या टेबलापाशी जाऊन बसलो.

शिरूरच्या आमच्या मेहुण्यांचा अनुभव मला माहीत होता. त्यांच्या गल्लीत पत्र्याच्या शेडमध्ये रात्रभर ग्राइंडर चालायचा. लोकांनी प्रांतसाहेबांकडे अर्ज दिला, पंचनामा झाला, रात्रीचं काम थांबलं. तेव्हा फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम १३३ होतं. १ जुलै २०२४ पासून नागरिक सुरक्षा संहितेचं १५२ आहे. निवासी भागात रात्री ४५ डेसिबलची मर्यादाही आहे. मग विमानासाठी असाच अर्ज का नको, असं मी विचारलं.

वकीलसाहेब म्हणाले, "विमानाचा मार्ग प्रांतांच्या हातात नसतो, तो केंद्राचा विषय." मग १९३४ च्या विमान कायद्याचं कलम १७ समोर ठेवून एकेका शब्दावर बोट ठेवत वाचून दाखवलं. वारा, हवामान, परिस्थिती पाहता वाजवी उंचीवरून विमान गेलं, तर नुसत्या त्या उड्डाणावरून उपद्रवाचा दावा दिवाणी कोर्टात लावता येत नाही. २०२४ च्या वायुयान अधिनियमाने जुना कायदा गेला, ही आडकाठी राहिली. वाजवी म्हणजे किती फूट? कलमात आकडा नाही. मी पार गोंधळलो.

अमेरिकेतल्या कॉस्बी कुटुंबाची गोष्ट त्यांनीच सांगितली. नॉर्थ कॅरोलिनातल्या त्यांच्या पोल्ट्रीवरून लष्करी विमानं इतकी खालून जायची, की घाबरलेल्या कोंबड्या भिंतींवर आपटून मरायच्या. १९४६ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने त्यांचा भरपाईचा हक्क मान्य केला. ते ऐकून भावकीला धीर आला. पण आपल्याकडे त्या निकालावर विसंबता येत नाही.

मला उमगलं ते एवढंच: विमानं उडू लागल्यावर भांडायला फार थोडी जागा उरते. बोलायचं ते आधी. २००६ च्या अधिसूचनेनुसार विमानतळाला पर्यावरण मंजुरी लागते, त्यासाठी जनसुनावणी असते. तिथे "आम्हाला त्रास होईल" एवढ्याने भागत नाही. धावपट्टीची दिशा, रात्रीची उड्डाणं, आवाजाचा नकाशा हे लेखी मागायला हवं. मोबाइलवर मोजलेला आकडा पुरावा म्हणून टिकणार नाही. म्हणून शाळेपाशी, गोठ्यापाशी आणि पोल्ट्रीत आजचा आवाज अधिकृतपणे मोजून द्यावा, असा ठराव आम्ही ग्रामसभेत मांडणार आहोत. जमीन जाते त्याला मोबदला मिळतो. ज्याची झोप जाणार, त्याचीही नोंद सरकारदरबारी व्हायलाच हवी.