सुंठीवाचून

डोंबिवलीच्या काकू कोलेस्टेरॉलसाठी गुग्गुळाच्या गोळ्या रोज नेमाने घेतात आणि डॉक्टरांनी दिलेली स्टॅटिन दिवसाआड. "रिपोर्ट उतरलाय ना? मग झालं तर!" ते 'मग झालं तर' माझ्या डोक्यातून जात नाही.

नकोसा माणूस आपसूक टळला की आपण म्हणतो, सुंठीवाचून खोकला गेला. पण ही म्हण पहिल्यांदा ज्या घरात सुचली, तिथे काय घडलं असेल? दोघं खोकत होते. एकाला सुंठ उगाळून दिली, दुसऱ्याच्या वेळी डबा रिकामा निघाला, आणि दोघंही बरे झाले. मग पहिल्याचा खोकला तरी सुंठीनेच गेला का? उगाळणाऱ्या आजीला हे कोण विचारणार? बरं वाटलं, एवढं तिला पुरेसं होतं.

गुग्गुळाच्या बाबतीत ते विचारलं गेलं. सुश्रुतातलं मेदोरोगाचं, म्हणजे चरबीच्या विकाराचं, वर्णन वाचून जी. व्ही. सत्यवतींनी बनारस हिंदू विद्यापीठात सशांवर प्रयोग केले. तो प्रबंध 1966 चा. पुढे लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेने गुग्गुळापासून गुगुलिपिड हे औषध तयार केलं. 1989 साली सात शहरांतल्या चाचण्या प्रसिद्ध झाल्या, त्यांत मुंबई आणि नागपूरही होतं. आधी आठ आठवडे पथ्य आणि औषधाविना गोळ्या, मग बारा आठवडे गुगुलिपिड. 205 रुग्णांपैकी 70 ते 80 टक्के लोकांचं कोलेस्टेरॉल सरासरी 23.6 टक्क्यांनी उतरलं. 2003 साली पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाची चाचणी आली, 103 जणांवरची. कुणाला गुग्गुळ, कुणाला नुसती गोळी, हे घेणाऱ्याला ठाऊक नाही, देणाऱ्यालाही नाही. गुग्गुळवाल्यांचं एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, 4-5 टक्क्यांनी चढलं आणि नुसत्या गोळीवाल्यांचं 5 टक्क्यांनी उतरलं.

अमेरिकेतल्या लोकांहून आपला आहार निराळा, असं म्हणून मुंबई-नागपूरच्या आकड्यांना धरून राहावंसं वाटतं. ते खरं आहे की मला काकूंच्या बाजूने बोलायचंय?

संध्याकाळी काकू निखाऱ्यावर गुग्गुळाचा खडा टाकतात. पिवळट तपकिरी, बोटांना चिकटणारा. घरभर कडवट-गोड धूर होतो. हा डिंक कच्छ-राजस्थानातल्या काटेरी झुडपाच्या सालीला चिरा देऊन काढतात. जास्त डिंक हवा म्हणून चिरा वाढल्या की झुडूप वाळतं. आज ते अतिसंकटग्रस्त वनस्पतींमध्ये गणलं जातं. औषध ठरो न ठरो, मरतंय ते झुडूप, आणि याचं मला आकड्यांहून जास्त वाईट वाटतं.

स्टॅटिन रोज घ्या, निदान डॉक्टरांना खरं सांगा, असं मी काकूंना म्हटलं. त्यांनी विचारलं, "मग गुग्गुळ बंद करून बघू?" पण त्या हल्ली रोज गणेश मंदिरापर्यंत चालत जातात, तळलेलंही सोडलंय. आता आकडा हलला काय, न हलला काय, कशामुळे ते कसं ओळखायचं? मी अजून हो म्हटलेलं नाही.