डांगर, सोले आणि सांभार

डांगर हा शब्द महाराष्ट्रात कुठल्या गावी उच्चारला, त्यावर ताटात काय पडणार ते ठरतं. नाशिक-नगरकडे आणि खानदेशात डांगर म्हणजे लाल भोपळा. पुण्याच्या आणि कोकणातल्या जुन्या स्वयंपाकघरांत डांगर म्हणजे उडदाचं पीठ, दह्याताकात कालवलेलं, वरून हिंगाची फोडणी दिलेलं. आणि वैनगंगेच्या काठी डांगर म्हणजे खरबूज. उन्हाळ्यात नदीचं पाणी ओसरलं की उघड्या पडलेल्या वाळूत वेल लावतात, त्या मळ्यांना डांगरवाड्या म्हणतात. भाजी, तोंडीलावणं आणि फळ, तिघं एकाच नावानं आपापल्या मुलखात सुखानं नांदतात. कुणी कुणाला खोटं ठरवत नाही.

माझं माहेर अमरावतीकडचं, सासर कुडाळचं आणि संसार पुण्यात. त्यामुळे आमच्या ओट्यावर एकेका जिनसाला दोन-तीन नावं ऐकू येतात, आणि ती सगळी मला हवी असतात. माहेरी कोथिंबीर म्हणजे सांभार. "येताना सांभार आणजो वं," असं आई सांगायची. थंडीत सांभाराच्या जुड्या स्वस्त झाल्या की घरात सांभारवडीचा बेत ठरायचा. बारीक चिरलेला सांभार, खसखस, सुकं खोबरं, तिखट, आणि वर बेसनाचं पातळ आवरण. इथल्या कोथिंबीरवडीत बेसन आणि पाला एकजीव होऊन वाफवले जातात. नागपुरी वडीत पाला वेगळा राहतो, पुडीत बांधल्यासारखा. म्हणून तिला पुडाची वडीही म्हणतात. तिला कोथिंबीरवडी म्हटलं की तिची कृतीच बदलते, असं मला वाटतं.

'सोले' हा शब्द मात्र आमच्या घरात दोन दिशांनी आला. आईचे सोले म्हणजे ओल्या तुरीचे दाणे. पौषाच्या आसपास तुरीच्या शेंगा भरतात, तेव्हा दुपारभर अंगणात बसून त्या सोलायच्या. हिरवट दाणे वांग्यात पडले की सोलेवांगं. सासूबाईंची सोलं म्हणजे कोकमाची वाळवलेली सालं, माशाच्या आमटीत पडणारी, सोलकढीला तिचं नाव देणारी. आईच्या तोंडून सोलेवांगं हे नाव पहिल्यांदा ऐकलं, तेव्हा वऱ्हाडात वांग्यात कोकम घालतात, असंच सासूबाईंनी धरलं, आणि त्यांना ते रास्तही वाटलं. आंबट घातल्याशिवाय भाजी पुरी होते यावर त्यांचा मुळी विश्वासच नव्हता. मग एका जानेवारीत आईनं सोले पाठवले. सासूबाईंनी ते निवडले, वास घेतला आणि त्यांचं खोबरं घातलेलं सांबारं केलं. वऱ्हाडची तूर आणि मालवणी वाटप. त्या पदार्थाला आमच्याकडे अजून नाव नाही.

कोकमाबद्दल बोलायला लागलं की सासूबाई थांबत नसत. झाडावर पिकलं की तो रातांबा, गोव्याकडच्या त्यांच्या मावशीच्या तोंडी भिरंड. पावसाआधी तो उतरवायलाच हवा. फोडून बिया वेगळ्या करायच्या, साल पुन्हापुन्हा त्याच्याच रसात बुडवून उन्हात घालायची, तेव्हा ती काळपट मऊ सोलं होतात. पुण्यातलं आमसूल ते हेच. मीठ घालून टिकवलेला रस म्हणजे आगळ. साखरेत मुरवलं तर अमृत कोकम. बियांतून निघतं ते घट्ट पांढरट मुठेल, भेगाळलेल्या टाचांना चोळायचं. एका फळाचा चैत्रापासून पुढच्या थंडीपर्यंतचा प्रवास, आणि प्रत्येक मुक्कामाला वेगळं नाव. घाटावर आम्ही फक्त शेवटचा मुक्काम पाहिलेला, वाण्याच्या पुडीतला. म्हणून घाटाला एक शब्द पुरतो.

हेच देशावर हरभऱ्याचं. शेतातून उपटून आणलेली हिरवी जुडी म्हणजे डहाळा. त्यावरचे गोंडस फुगीर घाटे. त्यांतून निघालेला ओला दाणा सोलाणा. जाळावर डहाळाच भाजला तर हुळा, मग बोटं काळी, ओठ काळे. ज्वारी हिरवी असताना आगटीत भाजून तळहातावर चोळली की हुरडा. रब्बीची ती शाळू, नि मंगळवेढ्याची मालदांडी तर ज्वारीत नावानिशी ओळखली जाते. धान्याचं वय सांगणारे हे शब्द शेताच्या बांधावर जन्मलेले आहेत. जिथं पीक रोज डोळ्यांसमोर वाढतं, तिथंच ते सुचतात. पिकलेला, वाळलेला, पोत्यात भरलेला दाणाच ज्यांच्यापर्यंत पोचतो, त्यांना सोलाणा हा शब्द कुठून सुचणार?

दुसरी काही नावं शेजाऱ्यांनी दिली आहेत. मुंबई-पुण्याचा बटाटा आणि कोबी पोर्तुगिजांच्या वाटेनं, समुद्रावरून आले. माझ्या माहेरी बटाट्याला आलू म्हणतात. वऱ्हाड 1903 पासून मध्य प्रांताला जोडलेलं होतं, आणि 1956 पर्यंत विदर्भाचा राजकारभार मुंबईकडे नव्हे, नागपूरकडे पाहायचा. नागपूरच्या उत्तरेला हिंदी मुलूख. म्हणून आलूबोंडा, म्हणून शेवग्याला मुनगा. टोमॅटोला मात्र जुन्या बायका अजून भेदरं म्हणतात, आणि भेदराची चटणी हे शब्द उच्चारतानाच माझ्या तोंडाला पाणी सुटतं. सोलापूर-कोल्हापूरकडचं उप्पीट सरळ कानडीतून आलंय, उप्पु म्हणजे मीठ आणि हिट्टु म्हणजे पीठ. अळूला मराठवाड्यात चमकुरा म्हणतात, तो तेलुगू शेजारचा. आमच्याकडे तोच धोपा. प्रांतांच्या सीमा कागदावर आखल्या गेल्या, पुसल्या गेल्या, भाजीच्या पाटीतल्या सीमा अजून जुन्याच आहेत.

कधी नाव बदललं की पदार्थच बदलतो, आणि हे मला सगळ्यांत विलक्षण वाटतं. कोकणातला कुळीथ आणि देशावरचा हुलगा, दाणा एकच. कोकणात भात कापल्यावर जमिनीत उरलेल्या ओलीवर कुळीथ येतो आणि त्याची पातळ, कोकम घातलेली पिठी गरम भातावर ओततात. देशावर हलक्या, कोरड्या रानात हुलगा पिकतो. त्याच्या पिठाची लसूण-मिरची घातलेली शेंगोळी होतात, आजारातून उठलेल्याला माडगं देतात. पिठी म्हटलं की सोबत भात आला, शेंगोळी म्हटलं की सोबत भाकरी. कुळथाची शेंगोळी असं कुणी म्हणालं, तर ते घर कोकणातून घाटावर आलं असावं, असा अंदाज मी मनात बांधते.

लहान पदार्थांच्या नावांवर माझा विशेष जीव आहे. मुंबईचे कुरमुरे, पुण्या-सांगलीचे चुरमुरे, आमचे मुरमुरे. तिन्ही नावांत चावल्याचा आवाज आहे, नुसता ऐकणारा कान वेगळा. उपासाच्या दिवशी पुण्यात वरी शिजते, माहेरी भगर. करंजी गोव्याकडे नेवरी होते. कोळंबी कुडाळात सुंगटं होतात, आणि सुंगटं म्हटल्याशिवाय सासूबाईंना त्यांचा वासच आला नसता.

माझी काळजी पुडीवर छापलेल्या नावांची आहे. कोकणात नाचणी, नाशिकच्या डोंगरांत नागली. पण पुण्यातल्या दुकानात बिस्किटापासून शेवयांपर्यंत सगळीकडे रागी. 2023 हे वर्ष संयुक्त राष्ट्रांनी भरडधान्यांचं म्हणून साजरं केलं, आणि हे धान्य पुन्हा ताटात आलं याचा मला मनापासून आनंद आहे. पण ते परत येताना आपलं नाव वाटेत टाकून आलं. नागली म्हणणाऱ्या बाईला उताराच्या वरकस जमिनी ठाऊक असतात, रोपं कशी लावायची ते ठाऊक असतं, भाकरी थापताना पाणी किती गरम हवं तेही. शब्द गेला की हे सगळं कुणाला विचारायचं, त्याचा पत्ता जातो. दाते-कर्वे यांच्या महाराष्ट्र शब्दकोशात, 1932 पासूनच्या त्या जाड खंडांत, शब्दापुढे कंसात बारीक खुणा असतात: गोव्याची, राजापूरची, वऱ्हाडची, नागपूरची. त्या मंडळींनी शब्दांची गावं सोडली नाहीत. पुडी छापणाऱ्यांनाही हे करता येईल. एका ओळीत नाचणी, नागली, रागी अशी तिन्ही नावं बसतात, जागा पुष्कळ असते.

मंडईतल्या बायकांना हे कुणी सांगावं लागत नाही. आमच्या कोपऱ्यावर बसणारी मावशी गिऱ्हाइकाचा चेहरा पाहून भाजीचं नाव घेते. मला "गिलकी घ्या ताई" म्हणते, कारण मी एकदा गिलकी मागितली होती. शेजारच्या काकूंना तीच भाजी "घोसाळी कोवळी आहेत बघा" म्हणून दाखवते. कोकणातल्या एका आजोबांसाठी तिच्याकडे पारोसं हा शब्दही आहे. तिचं गाव कुठलं, मी कधी विचारलं नाही, पण तिच्याइतका महाराष्ट्र फिरलेलं माणूस माझ्या ओळखीत नाही.

माझी मुलगी तिच्या परीनं वाटणी करून बसली आहे. देठं घालून, दाणे-खोबरं टाकून पातळ भाजी केली की ते अळू, आणि पानांना बेसन लावून वळकट्या केल्या की तो धोपा. पातळ भाजी तिनं पुण्यात खाल्ली, वड्या अमरावतीच्या आजीकडे. त्यामुळे तिच्या लेखी ही दोन वेगळी झाडं होती, आणि पाटीत एकच जुडी पाहूनही तिनं नावं वेगळीच ठेवली. परवा तिच्या लातूरच्या मैत्रिणीनं डब्यात चमकुऱ्याची भाजी आणली. डाळ घातलेली, घट्ट, चिंच-गूळ जास्त. मुलीनं ती चाखली आणि घरी येऊन मला विचारलं, चमकुरा कुठं मिळतो. मी तिला पाटीतली जुडी दाखवली नाही. मैत्रिणीच्या आजीचा फोन नंबर घ्यायला सांगितलं. रविवारी दोघी त्यांच्याकडे शिकायला जाणार आहेत.