सात धाग्यांची खुर्ची

एक मोठी टाकी, तिच्यात खनिजाचं संपृक्त द्रावण, आणि त्या द्रावणात बुडवलेला पॉलिएस्टरच्या तंतूंचा मऊ सांगाडा. आकार खुर्चीचा. त्यानंतर कुणी त्याला हात लावत नाही. दिवस जातात. तंतूंवर एकेक कण बसू लागतो, कणाला धार फुटते, धारेच्या अंगावर दुसरी धार उगवते. शेवटी पाण्यातून वर येते ती पांढरीशुभ्र, काटेरी लखलखती खुर्ची. जपानी डिझायनर तोकुजिन योशिओका यांनी ती २००८ मध्ये तोक्योच्या ‘२१_२१ डिझाइन साइट’मध्ये मांडली. तिचं नाव ‘व्हीनस’.

मी ती छायाचित्रांतच पाहिली आहे, पण तेव्हापासून ती मनातून जात नाही.

योशिओका हे डिझायनर शिरो कुरामाता आणि फॅशन डिझायनर इस्से मियाके यांच्या हाताखाली तयार झालेले. कुरामातांनी १९८८ मध्ये पारदर्शक ॲक्रिलिकच्या खुर्चीत कृत्रिम गुलाब कायमचे थांबवून ठेवले होते. शिष्याने पुढे गुलाबावरच स्फटिक वाढवले. गुरूने फूल थांबवलं, शिष्याने त्याच्यावर वाढ सुरू केली. या दोघांमधलं नातं मला कुठल्याही चरित्रापेक्षा या दोन गुलाबांत जास्त कळतं.

२०१३ च्या ऑक्टोबरात तोक्योच्या समकालीन कलासंग्रहालयात त्यांचं मोठं प्रदर्शन भरलं. तिथे ‘रेनबो चर्च’ होतं: ५०० प्रिझमची उंच भिंत, आणि तिच्यातून जमिनीवर सांडणारं इंद्रधनुष्य. फ्रान्समध्ये व्हान्सला मातिसने सजवलेलं प्रार्थनागृह योशिओकांनी तरुणपणी पाहिलं होतं, त्या उजेडाचं हे देणं. सुंदरच आहे ते. तरी मला विचाराल तर त्याच प्रदर्शनातली ‘स्पायडर्स थ्रेड’ ही खुर्ची थोर. चौकटीत ताणलेले फक्त सात धागे, बाकी सगळं स्फटिकांनी स्वतः रचलेलं. भिंतीतला प्रत्येक प्रिझम माणसाने घडवून जागच्या जागी बसवला आहे. सात धाग्यांपुढे मात्र माणूस हात मागे घेऊन उभा आहे. ‘स्वान लेक’ या चित्रांत तर त्यांनी वाढत्या स्फटिकांना संगीत ऐकवलं आणि त्या कंपनांतून जे उमटेल ते चित्र मानलं.

हात मागे घेणं म्हणजे काही न करणं नव्हे. द्रावण किती दाट, किती ऊन, किती सावकाश निवतं, यावर सारं ठरतं. घाईने निवलं तर बारीक भुगा, संथपणे निवलं तर मोठे, नितळ पैलू. पैलूंमधला कोन मात्र कलावंताच्या हाती नसतो. खडा केवढाही असो, एकाच खनिजाच्या स्फटिकांत त्याच पैलूंमधले कोन तेच राहतात, हे शास्त्रज्ञ निकोलस स्टेनोने १६६९ मध्येच ओळखलं होतं. लहानपणी आपण सगळ्यांनी खडीसाखर चोखली आहे आणि शेवटी जिभेवर उरलेला दोरा ओढून काढला आहे. तो दोरा आणि योशिओकांचे सात धागे एकच काम करतात: गोठू पाहणाऱ्याला धरायला जागा देतात.

अशी जागा आपल्या सह्याद्रीच्या दगडानेही दिली. साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हा निवला, त्यात वायूचे बुडबुडे अडकून पोकळ्या राहिल्या, त्यांत खनिजांचं पाणी झिरपत राहिलं. आज काळ्या पाषाणाची खाण फोडताना आत कधी हिरवट अपोफिलाइट, कधी केशरी-गुलाबी स्टिलबाइट सापडतं. पुण्याजवळच्या वाघोलीच्या खाणींतलं निळंशार कॅव्हनसाइट जगभरच्या संग्रहालयांत मानाने ठेवलेलं आहे. आणि आपण? बहुतेकांनी त्याचं नावही ऐकलेलं नसतं. मला याचं खरंच वाईट वाटतं. कुणा डिझायनरने टाकीत वाढवलेल्या स्फटिकासमोर आपण थक्क होतो, व्हायलाच हवं. पण ज्या डोंगरांकडे पाहत आपण मोठे झालो, त्यांच्या पोटातली ही आरास पाहायची राहून जाते.

नाशिकजवळ सिन्नरला ‘गारगोटी’ नावाचं खनिजांचं संग्रहालय आहे. मुलांना घेऊन एकदा जाच, आणि तिथल्या काचेसमोर त्यांना घाई करू नका.